भिंतीतला बोरघाट

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. आपल्या घोरावाडी-तळेगाव भागातून गेलेल्या तारांचा इतिहास यात आहे, घरच्या कॉम्प्युटरवर वायरीचं इंटरनेट रखडत का चालतं त्याचं उत्तर आहे, आणि माझी एक जाहीर माफी आहे. माफी शेवटी ठेवली तर निम्मे लोक तिथपर्यंत पोचणार नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच.

जूनमध्ये आमच्या सोसायटीने इंटरनेटवाल्याविरुद्ध अर्ज केला. अकरा घरं. पैसे भरतोय २०० एमबीपीएसचे आणि माझ्या कॉम्प्युटरवर येतायत सहा-सात. कुणाला साठ, कुणाला नव्वद, पण २०० कुणालाच नाही. ठराव असा झाला की तीन महिन्यांचं बिल रोखायचं आणि लाइन बघणारा मुलगा बदलून मागायचा. मजकूर मी लिहिला, कारण जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, चार ओळी नीट मांडता येतात. पहिली सहीही माझीच.

तो मुलगा माझा विद्यार्थी. पवन मावळातल्या एका गावचा. भर पावसात दारात येऊन उभा राहिला, रेनकोटमधून पाणी ठिबकत होतं, आणि म्हणाला, "सर, लाइन तुमच्या डब्यापर्यंत बरोबर येतीय. पुढचं तुमच्या भिंतीत काहीतरी आहे." मी त्याला आत या म्हणालो नाही. उलट म्हणालो, "अरे, तुमचं नेहमीचंच. दोष कायम गिऱ्हाइकाचा." पुढच्या आठवड्यापासून तो दिसेना. त्याला आमच्या भागातून काढून दुसरीकडे टाकलं आणि त्या महिन्याचे त्याचे पैसेही कापले, हे मला नंतर कळलं.

गणपतीत माझा भाचा आला. त्याने दोन तासांत दाखवून दिलं की मुलगा खरं बोलत होता. दोन तासांत काय केलं ते सांगतोच, पण त्याआधी मला जरा मागे जाऊ द्या. कारण भाच्याने भिंतीतून जे बाहेर काढलं तो अस्सल इतिहासच होता, आणि ते माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तरला दिसलं नाही याची मला जास्त लाज वाटते.

आपल्या दारावरून जाणारी रेल्वे घ्या. खंडाळा ते पुणे हा टप्पा १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाला. मुंबईकडून रूळ १८५६ लाच खोपोलीपर्यंत येऊन थांबले होते. मधे बोरघाट. घाटातला मार्ग खुला झाला १८६३ मध्ये. म्हणजे मधली पाच वर्षं खाली गाडी, वर गाडी, आणि मधे पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडी. आता सांगा, त्या पाच वर्षांत मुंबई-पुणे प्रवास किती वेळाचा होता? इंजिनाच्या वेगाचा काही संबंध होता का? तुम्ही खोपोलीपर्यंत दुप्पट वेगाचं इंजिन लावलं असतं तरी बैल त्याच्याच चालीने घाट चढणार होता.

हे आपल्याला नवं नाही. रविवारी संध्याकाळी एक्सप्रेसवेवर खंडाळ्याजवळ अडकलेल्या माणसाला विचारा. जुना हायवे आणि एक्सप्रेसवे घाटात एकत्र येतात, तिथे सगळ्यांचा वेग एक होतो. पुढे मागे रस्ता कितीही मोकळा असो.

तारेचंही तसंच. आपल्याकडे तारखातं लोकांसाठी खुलं झालं १८५५ मध्ये. कलकत्त्यातले डॉक्टर ओशॉनेसी, मूळचे वैद्यकीचे माणूस, त्यांनी ते उभं केलं. नंतर रेल्वे आली तशा रुळांच्या कडेने तारेच्या खांबांच्या रांगा आल्या. खांबावरची तार काही क्षणांत मुंबईहून पुण्याला जायची. पण ती तुमच्या आजोबांच्या हातात पडायची पोस्टमनच्या सायकलीच्या वेगाने, आणि पवनेला पूर असला तर दुसऱ्या दिवशी. तार सेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, तोपर्यंत शेवटचा टप्पा पायी किंवा सायकलवरच राहिला.

पुढची गोष्ट आपल्या लोकलच्या वाटेवरची आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२७ च्या जुलैमध्ये इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिची इकडची केंद्रं कुठे होती? खडकी आणि दौंड. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. घोरावाडीहून लोकलने आपण ज्या खडकीला उतरतो, तिथून इंग्लंडशी बोलणं सुरू झालं होतं. त्याच काळात मावळातल्या एखाद्या गावाला पुण्यात कुणी गेलं तर निरोप यायला दोन दिवस लागत.

मग १९७१. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहाचं भूकेंद्र झालं, विक्रम नावाचं. परदेशी संदेशांसाठीचं देशातलं पहिलं. पुणे जिल्ह्यातून अंतराळात बोलता येऊ लागलं. आणि जिल्ह्यातल्या घरात फोन? अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघायची. ज्यांनी ट्रंक कॉल बुक केलेत त्यांना 'ऑर्डिनरी', 'अर्जंट' आणि 'लाइटनिंग' आठवत असेल. लाइटनिंग म्हणजे वीज, पण पैसे विजेचे आणि वाट तीच. मी स्वतः एकदा बहिणीच्या बाळंतपणाच्या बातमीसाठी पोस्टात तीन तास बाकड्यावर बसलोय. फोन लागला तेव्हा तिकडून सांगितलं, अहो, भाचा झाला, आम्ही सकाळीच पत्र टाकलंय! (तोच हा भाचा.)

आता काचेचं सांगतो. हे तळेगावकरांनी वाचायलाच हवं.

१९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, प्रत्येकाने एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. लोकमान्यांचा पाठिंबा. जपानला जाऊन काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्यातले तज्ज्ञ. एकेका पैशातून आपल्या गावात भट्टी पेटली. त्या लोकांना कुणी सांगितलं असतं की शंभर वर्षांनी याच गावात घरोघरी केसासारखी काच येईल आणि तिच्यातून उजेडाच्या वेगाने पत्रं, चित्रं, माणसांचे चेहरे धावतील, तर काय म्हणाले असते कोण जाणे.

काचेतून संदेश पाठवायची कल्पना पक्की मांडली चार्ल्स काओ यांनी, १९६६ मध्ये. काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड लांबवर जाईल, हे त्यांचं गणित. १९७० मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने तशी काच करून दाखवली. काओंना नोबेल मिळालं २००९ मध्ये, म्हणजे तिथेही उशीरच. आणि भारतात टेलिफोनसाठी ऑप्टिकल फायबर पहिल्यांदा कुठे टाकली माहितीये? पुण्यात. १९७९ साली, शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजना एकमेकांशी जोडण्यासाठी. दिल्ली नाही, मुंबई नाही, आपलं पुणं. पण एक्स्चेंज ते एक्स्चेंज काच, आणि एक्स्चेंज ते तुमचं घर तांब्याची तीच जुनी जोडी. त्या काचेला आमच्या घरात यायला आणखी चाळीस वर्षं लागली.

इंटरनेटची सुरुवात बहुतेकांना आठवते, म्हणून पटकन सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने ते सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. वेग ९.६ केबीपीएस. आज आपण जे २०० एमबीपीएस म्हणतो त्याच्या वीस हजाराव्या भागाएवढा. मोडेम ओरडायचा, फोन अडकायचा, आणि घरातलं कुणीतरी रिसिव्हर उचलायचं की संपलं. तळेगावचा कोड ०२११४, पुण्याचा ०२०. लोकलने तासाभरावर असलेलं पुणं टेलिफोनच्या हिशेबात बाहेरगाव होतं!

२००४ मध्ये सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं. त्यात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन सुरू झालं. त्याच तांब्याच्या जोडीवर, फक्त घरात एक छोटा पांढरा स्प्लिटर, एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला इंटरनेट. एक्स्चेंजपासून जितकं लांब तितका वेग कमी. मर्यादा असलेल्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ फुकट, म्हणून आमच्याकडे दीडला अलार्म लागायचा. ब्रॉडबँडची व्याख्या पुढे ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. कागद नेहमी मागे असतो, त्याबद्दल मी बोलत नाही. इतिहासाच्या माणसाला कागदावर पोट भरायचं असतं.

आता हे सगळं एका ओळीत लावून बघा. १८५८ मध्ये अडथळा घाटात. मग घाट फोडला, अडथळा गावच्या पोस्टात. पोस्टाला तार आली, अडथळा एक्स्चेंजमध्ये. एक्स्चेंजना काच मिळाली, अडथळा खांबापासून घरापर्यंतच्या तांब्यात. आणि आता काच थेट दाराशी आली. मग घाट गेला कुठे?

तो घरात शिरला. माझ्या भिंतीत.

भाचा पुण्यात नेटवर्कचं काम करतो. आरती झाली, मोदक झाले, आणि मी नेहमीचं गाऱ्हाणं सुरू केलं. तो म्हणाला, "मामा, अर्ज नंतर लिहा. आधी एकेक गोष्ट बदलून बघू. एका वेळी एकच." हे वाक्य मी वर्गात साधनं तपासताना पोरांना सांगायचो, ते माझ्याच घरात मला ऐकावं लागलं.

आमची मांडणी अशी. काचेची तार दारापाशी एका पांढऱ्या डब्यात येते. तिथून भिंतीतली वायर मागच्या खोलीत, तिथे माझा कॉम्प्युटर. त्याने स्वतःचा लॅपटॉप एका छोट्या वायरीने थेट डब्याला लावला आणि वेग मोजला. १९२. पुन्हा मोजला, १९४. मी गप्प.

मग म्हणाला, कॉम्प्युटर उचला. माझा तो खटारा सीपीयू आम्ही दोघांनी गणपतीसमोरून बाहेरच्या खोलीत आणला आणि त्याच छोट्या वायरीने त्याच डब्याला लावला. भिंत मधून गेली. वेग? सात. म्हणजे निदान एक दोष कॉम्प्युटरमध्येच.

त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडला, नेटवर्क कार्ड, तिथे 'स्पीड अँड डुप्लेक्स' नावाची एक ओळ. ती 'ऑटो' असायला हवी. माझ्याकडे कुणीतरी हाताने '१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स' करून ठेवली होती. डेटावनच्या काळात एक दुरुस्तीवाला आला होता, त्याचंच काम. तो चुकला असं म्हणता येत नाही, आणि यात गंमत आहे. १९९० च्या दशकात दोन यंत्रांनी आपसात वेग ठरवायची पद्धत नवीन होती आणि बऱ्याचदा फसायची. म्हणून जुन्या तंत्रज्ञांना सवय लागली, वेग हाताने ठरवून टाका, कटकट नको. पद्धत सुधारली, सवय राहिली.

पण एका बाजूने हट्टाने वेग ठरवला आणि दुसरी बाजू ऑटोवर असली तर काय होतं? दुसऱ्या बाजूला समोरून बोलणीच येत नाहीत. ती वेग ओळखते, पण दोन्ही बाजूंनी एकदम बोलायची परवानगी आहे हे तिला कळत नाही. ती एकेरी पुलावरच्या गाडीसारखी वागते, समोरचा आला की थांबते आणि परत पाठवते. आणि समोरचा तर पूल दुहेरी आहे असं समजून बिनधास्त येतोय. जितकी वर्दळ जास्त, तितक्या टकरा जास्त. म्हणून साधी पानं उघडायची, पण मोठी फाइल घेतली की रडारड.

मी विचारलं, मग इतकी वर्षं कसं चाललं? तो म्हणाला, तुमची लाइनच तेव्हा २ एमबीपीएसची होती, मामा. ही चूक दिसायला आधी लाइन वेगवान व्हावी लागते.

ऑटो केलं. लिंक १००० वर गेली. वेग १९३.

आम्ही जिंकल्याच्या थाटात सीपीयू परत मागच्या खोलीत नेला, भिंतीतल्या वायरीला लावला. ९४. पुन्हा ९४. दहा मिनिटांनी, ९४. एक्सप्रेसवेची लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर आहे, मला तेच आठवलं.

भाचा मात्र हसला. लाइन मंद असती तर आकडा वरखाली झाला असता, म्हणाला. ९४ ला खिळलाय म्हणजे वायर १०० च्या चालीत अडकलीये. १०० मधले पाचसहा पाकिटांच्या वेष्टणात जातात, उरतात ९४. सेटिंग्जमध्ये इथरनेटची 'लिंक स्पीड' बघितली, १००. डबा १००० चा, कॉम्प्युटर १००० चा, मधली भिंत १०० ची.

आणि मग त्याने भिंतीवरची प्लेट उघडली.

इथे पुन्हा थोडा इतिहास, सहन करा. ज्याला आपण लॅन केबल म्हणतो तिच्यात आठ तारा असतात, चार जोड्या. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. हा क्रम कॉम्प्युटरवाल्यांचा नाही, टेलिफोनवाल्यांचा आहे. जुन्या लाइनमनला विचारा, तो झोपेत म्हणून दाखवेल. इथरनेट जन्मलं १९७३ मध्ये, अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या हातून, आणि तेव्हा ते एका जाड केबलवर चालायचं. ती केबल टाकायला महाग. मग लोकांच्या लक्षात आलं की ऑफिसांच्या भिंतींत टेलिफोनच्या जोड्या आधीपासूनच आहेत, त्याच वापरू. १९९० मध्ये पिळाच्या जोड्यांवरचं १० एमबीपीएसचं प्रमाण ठरलं, १९९५ मध्ये १०० चं. दोन्हींना दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. प्लगमधल्या मधल्या दोन जागा निळ्या जोडीच्या, आणि टेलिफोनच्या छोट्या प्लगचे मधले दोन टोकही तिथेच पडतात. ते मुद्दाम तसं जमवलंय. फोनचा मान ठेवून.

१९९९ मध्ये १००० चं प्रमाण आलं. त्याला चारही जोड्या लागतात. आठच्या आठ तारा.

माझ्या भिंतीत आठ तारा होत्या. पण आमच्या बिल्डरच्या वायरमनने काटकसर केली होती. एकाच केबलमध्ये नारिंगी आणि हिरवी इंटरनेटला, तपकिरी दुमडून मागे सारलेली, आणि निळी जोडी वर वळवून फोनच्या सॉकेटला. आम्ही राहायला आलो तेव्हा हे चतुर काम समजलं जायचं. एका वायरीत दोन सोयी. इंटरनेट २ एमबीपीएसचं होतं, दोन जोड्या चिक्कार झाल्या.

तो लँडलाइन मी केव्हाच परत केला. सॉकेटवर कॅलेंडर लटकतंय. पण निळी जोडी त्याच्यासाठीच राखून ठेवलेली. नसलेल्या फोनची जागा धरून बसलेली! डबा आणि कॉम्प्युटर दोघंही १००० ला तयार होते, चार जोड्या शोधत होते, सापडत नव्हत्या, म्हणून खाली उतरून १०० वर समाधान मानत होते. (काही यंत्रं समाधानही मानत नाहीत, लिंकच धरत नाहीत. मग माणूस नवीन राउटर आणतो.)

भाच्याने दोन्ही टोकांना आठही तारा नीट बसवल्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पिळ शेवटपर्यंत राखायचा, जास्त उलगडायचा नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. लिंक १०००. वेग १९१. बाहेर एकशेएक्याण्णव मोजलं तेव्हा आत आमच्या सौ. म्हणाल्या, "मग तो पोरगा काय सांगत होता?"

त्यावर मला उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्जावर सह्या केलेल्यांपैकी चार घरांत भाच्याला घेऊन गेलो. तिघांकडे हाच प्रकार, निळी जोडी फोनला. यातल्या दोघांचा वायफायचा दुसरा राउटर मागच्या खोलीत आहे, तो याच भिंतीतल्या वायरीवर चालतो. म्हणून त्यांचं वायफायही नव्वदीत अडकलेलं, आणि ते वायफायला शिव्या घालत होते. एकाने ३०० चा प्लॅन घेतला होता. गेलं वर्षभर भिंत ९४ देतेय आणि हे ३०० चे पैसे भरतायत. चौथ्या घरात मात्र दोष खरोखर बाहेरचा निघाला. जिन्यातल्या डक्टमध्ये काचेची तार कुणीतरी पाण्याची पाइप बसवताना काटकोनात वाकवली होती. काचेला तसा वाक चालत नाही, उजेड गळतो. म्हणजे अर्जातली सगळीच तक्रार खोटी नव्हती, हेही लिहून ठेवतो. पण ती पाइप आपणच बसवून घेतलेली आहे.

आणखी एक. या निमित्ताने एका घरात नवी वायर आणायची ठरली. दुकानात दोन प्रकार दिसले, दिसायला सारखे, भावात बराच फरक. स्वस्त वायरीची तार खरवडली तर आतून पांढरट. ती ॲल्युमिनियमची, वर नुसता तांब्याचा मुलामा. ती ठिसूळ असते, वाकवली की तुटते, आणि लांब अंतराला कमी पडते. घेताना शुद्ध तांब्याची मागा, कॅट ५ई किंवा कॅट ६, आणि टोक खरवडून बघा. आपल्या शेजारी उर्स्याला केबलचा मोठा कारखाना आहे, आणि आपण दुकानात मुलाम्याची वायर घेऊन येतो.

नव्या सोसायट्यांत फ्लॅट घेणाऱ्यांसाठी: स्टेशनच्या दोन्ही बाजूंना इमारती उठतायत. टाइल्सचा रंग बघता तसं एकदा वायरमनला विचारा, डेटाची केबल वेगळी आहे का, आणि आठही तारा दोन्ही टोकांना बसवल्यात का. भिंत बंद झाल्यावर हे विचारायला पंधरा वर्षं लागतात, आमच्यासारखी.

मागच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. मी माझी सही मागे घेतली आणि का ते सांगितलं. दोघांनी विरोध केला, तुम्ही आता कंपनीची बाजू घेताय म्हणाले. मी कंपनीची बाजू घेत नाही. जिन्यातल्या तारेसाठी त्यांनी दोन फेऱ्या मारून काही केलं नाही, ते मी लेखी देणार आहे. पण रोखलेलं बिल भरायचं ठरलं. आणि दुसरं पत्र गेलं, तेही माझ्याच हातचं, की पहिल्या पत्रात त्या मुलाबद्दल लिहिलेलं चुकीचं होतं, त्याचे कापलेले पैसे त्याला मिळावेत.

मिळाले की नाही अजून कळलेलं नाही. मी त्याला फोन केला. तो आता लोणावळ्याच्या बाजूला असतो. पावसाळ्यात तिकडचं काम म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. मी जे बोलायचं ते बोललो. तो म्हणाला, "असूद्या सर. सगळ्यांच्याच भिंतीत असतंय ते." मग थोडा थांबून विचारलं, "निळी फोनला होती का?" म्हटलं, हो. "मला वाटलंच."

येत्या रविवारी सकाळी दहापासून उरलेल्या घरांच्या प्लेटा उघडायच्या आहेत. भाचा येणार आहे, आणि सुट्टी मिळाली तर तो मुलगाही. बी विंगवाल्यांनी सॉकेटसमोरची कपाटं आदल्या रात्रीच सरकवून ठेवा. जेवण आमच्याकडे.